इंजिनाच्या पाण्यावर जागल ठेवा



हंगाम लागला की अमरावती-यवतमाळ रस्त्यावर, नांदगाव खंडेश्वरच्या अलीकडे-पलीकडे, एक देखावा दरसाल दिसतो. भरल्या ट्रॉलीचा ट्रॅक्टर कडेला उभा असतो. बॉनेट वर केलेलं, आतून वाफ निघते आहे आणि भोवती चार माणसं सल्ला देत उभी आहेत. कोणी पाण्याची कॅन शोधतो, कोणी मिस्त्रीला फोन लावतो. ड्रायव्हर मात्र ज्याला त्याला एकच गोष्ट सांगत असतो, “काटा त मधातच होता ना भाऊ, मंग इंजिन गरम झालं कसं?”

ड्रायव्हर खोटं बोलत नाही. काटा खरोखरच मधात असतो, आणि इंजिन खरोखरच जळालेलं असतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे समजून घेणं आणि त्यावरचा उपाय गाडीला बसवून घेणं, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. उपाय साधा आहे. रेडिएटरमधलं पाणी कमी झालं की लगेच बोंब मारणारा अलार्म बसवायचा. वावरात पीक उभं असलं की आपण रात्रीची जागल करतो. इंजिनाच्या पाण्यावर तशीच जागल ठेवायची.

काटा का फसवतो?

डॅशबोर्डवरचा काटा इंजिनाची उष्णता दाखवतो, असा आपला सर्वांचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. तो काटा दाखवतो ती पाण्याची उष्णता. इंजिनाच्या हेडजवळ किंवा थर्मोस्टॅटच्या घरात एक लहानसा पितळी सेन्सर बसवलेला असतो आणि त्याचं टोक पाण्यात बुडालेलं असतं. पाणी तापलं की सेन्सर तापतो आणि काटा वर चढतो. जोवर पाणी आहे, तोवर हा हिशेब चोख चालतो.

आता समजा, होज पाइप फाटला किंवा त्याची क्लिप सुटली, आणि दोन-चार मिनिटांत पाणी रस्त्यावर सांडून गेलं. सेन्सरचं टोक उघडं पडलं. त्याच्याभोवती आता हवा आणि थोडीशी वाफ उरली. हवा उष्णता नीट पोचवत नाही. त्यामुळे इकडे हेड लाल व्हायच्या वाटेवर असताना तिकडे काटा होता तिथेच राहतो, कधी कधी तर खाली येतो. ड्रायव्हरला वाटतं, चला, इंजिन गार झालं. मेकॅनिक लोक हे नेमक्या शब्दांत सांगतात, “पाणीच नव्हतं त काटा काय सांगीन?”

थोडक्यात, पाणी असताना इंजिन तापलं तर काटा सांगतो. पाणीच निघून गेलं तर तो सांगेलच असं नाही. इंजिनाचा सर्वांत मोठा घात दुसऱ्या प्रकारात होतो, आणि त्याच वेळी आपला भरवशाचा पहारेकरी झोपलेला असतो.

वेळ किती मिळतो?

याचा जरा हिशेब मांडून पाहू. जड ओढकामावर मध्यम ताकदीचा ट्रॅक्टर तासाला आठ लिटर डिझेल जाळतो असं धरा. एका लिटर डिझेलमध्ये सुमारे दहा युनिट विजेइतकी उष्णता असते. म्हणजे आठ लिटरला ऐंशी युनिट झाले. त्यातला साधारण एक तृतीयांश भाग प्रत्यक्ष कामाला येतो, बराचसा भाग सायलेन्सरवाटे धुरात जातो आणि सुमारे पाव हिस्सा रेडिएटरच्या पाण्याला बाहेर न्यावा लागतो. म्हणजे वीस युनिट. घरी अंघोळीचं पाणी तापवायला आपण एक किलोवॅटची हीटरची कांडी वापरतो. तशा वीस कांड्या इंजिनाच्या पाण्यात एकाच वेळी, सतत, पेटलेल्या आहेत असं समजा.

पंख्याचा पट्टा तुटला आणि पाण्याला उकळी फुटली, तर या हिशेबाने दर दोन मिनिटांना सुमारे एक लिटर पाणी वाफ होऊन उडून जाऊ शकतं. होज फाटला तर तेवढाही वेळ मिळत नाही. पाणी संपल्यावर त्या वीस कांड्या जे तापवतात, ते निव्वळ लोखंड असतं. पिस्टन फुगतो, लायनरवरचा ऑइलचा पापुद्रा जळतो, आणि पिस्टन लायनरला पकडतो. यालाच आपण इंजिन ‘बसलं’ किंवा ‘सीझ झालं’ म्हणतो. पिकअप आणि मोटारींत बहुधा हेड अॅल्युमिनियमचं असतं, तर ब्लॉक पुष्कळदा बिडाचा. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या दुपटीने फुगतं, म्हणून तिथे हेड वाकणं आणि गॅसकेट जाणं हा प्रकार आणखी लवकर होतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रेडिएटरचं ढक्कन हे नुसतं झाकण नाही. ते आतला दाब धरून ठेवतं. समुद्रसपाटीला उघडं पाणी १०० अंशांना उकळतं. पण ०.९ बार दाब धरणाऱ्या ढक्कनाखाली तेच पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. उन्हाळ्यात वऱ्हाडात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा हे अठरा अंश मोलाचे असतात. बारीकशी गळती असली तरी दाब टिकत नाही, आणि दाब गेला की उकळी अलीकडेच फुटते. म्हणून ‘थोडंसंच तर गळतं’ असं म्हणून चालत नाही.

बॉयलरकडून घ्यायचा धडा

सभासदांपैकी ज्यांनी साखर कारखान्याचं बॉयलर हाऊस पाहिलं असेल, त्यांना ती काचेची नळी आठवेल. बॉयलरच्या ड्रममध्ये पाणी किती आहे, हे त्या नळीत दिसतं. दाबाचं मीटर असतं, उष्णतेचं मीटर असतं, तरीही बॉयलर अटेंडंटची नजर आधी त्या पाण्याच्या पातळीवर असते. शिवाय पाणी ठरावीक खुणेच्या खाली गेलं की भोंगा वाजतो, आणि त्याहून खाली गेलं की आग आपोआप मंदावण्याची किंवा थांबवण्याची व्यवस्था असते. नळी चोंदली तर नाही ना, हे पाहण्यासाठी तिच्यातून पाणी सोडून ती नियमाने तपासतात. बॉयलरचा कायदा १९२३ पासून होता, आता त्याच्या जागी २०२५ चा बॉयलर कायदा आला आहे. कायदे बदलले, पण पाणी कमी पडू द्यायचं नाही ही गोष्ट बदलली नाही.

ही सावधगिरी माणसाने जीव गमावून शिकली आहे. १८०३ साली लंडनजवळ ग्रिनिच येथे रिचर्ड ट्रेव्हिथिक या इंजिनियरच्या वाफेच्या इंजिनाचा बॉयलर फुटला आणि माणसं दगावली. त्यानंतर त्याने बॉयलरमध्ये शिशाचा प्लग बसवायला सुरुवात केली. युक्ती अशी की, प्लगवर पाणी आहे तोवर शिसं वितळत नाही. पाणी खाली गेलं की आगीची धग लागून शिसं वितळतं, त्या भोकातून वाफ थेट आगीवर येते आणि सर्वांना कळतं की पाणी संपलं. वीज नाही, तार नाही, तरी हा पाण्याचा अलार्मच होता.

असा प्लग वाफेच्या रेल्वे इंजिनांच्या फायरबॉक्सच्या छतात बसवण्याची पुढे रीतच पडली. आपल्या भागातली ‘शकुंतला’ कोणाला ठाऊक नाही? अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळ या अरुंद रुळांवर मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून धावलं, ते थेट १९९४ पर्यंत. १५ एप्रिल १९९४ ला त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली. सत्तर वर्षं एखादं इंजिन टिकतं त्यामागे चांगलं लोखंड जसं असतं, तसा पाण्यावर डोळा ठेवणारा माणूसही असतो. ड्रायव्हर आणि फायरमन यांची नजर कायम त्या काचेच्या नळीवर असे. पुढे मोठ्या डिझेल रेल्वे इंजिनांतही पाण्याची टाकी रिकामी होत आली की इंजिन बंद करणारा स्विच बसवण्यात आला.

आता आपल्या दारातल्या ट्रॅक्टरकडे पाहा. आत आग आहे, भोवती पाणी आहे, दाब आहे. एका अर्थी तो लहानसा बॉयलरच. फरक इतकाच की कारखान्याच्या बॉयलरला पाण्याची नळी, भोंगा आणि माणूस असे तीन राखणदार आहेत, आणि ट्रॅक्टरला एकही नाही. बैल तहानला की मान टाकतो, दावणीला हिसका देतो, धन्याला कळतं. इंजिनाला तोंड नाही. ते आपणच त्याला द्यायला हवं.

अलार्म किती प्रकारचे?

बाजारात आणि मिस्त्रींच्या हातात सध्या तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार तरंगत्या स्विचचा. टाकीत एक लहानसा तरंगा असतो आणि त्यात चुंबक. पाणी खाली गेलं की तरंगा खाली येतो, चुंबकामुळे आतल्या बंद नळीतला स्विच बदलतो आणि बझर वाजतो. ज्या गाड्यांत दाबाखालची एक्सपान्शन टाकी असते, त्या ट्रक-पिकअपांना हा प्रकार सोयीचा. पुष्कळ नव्या ट्रकांत तो कंपनीकडूनच येतो.

दुसरा प्रकार सळईचा. रेडिएटरच्या वरच्या टाकीत स्टेनलेस स्टीलची बारीक सळई बसवतात. ती टाकीच्या धातूला लागू देत नाहीत. सळई पाण्यात असेल तर तिच्यातून पाण्यावाटे अगदी किंचित वीज टाकीच्या अंगाला पोचते. पाणी उतरलं की ती वाट तुटते, आणि सोबतची छोटी इलेक्ट्रॉनिक पेटी बझर वाजवते. जुन्या ट्रॅक्टरच्या पितळी टाकीला हा प्रकार सर्वांत चांगला. पाण्यातून एकाच दिशेने सारखी वीज सोडली तर सळई झिजते, म्हणून चांगली पेटी वीज उलटसुलट किंवा तुटक तुटक सोडते. घेताना हे विचारून घ्यावं. टाकी प्लास्टिकची असेल तर एका सळईऐवजी दोन लागतात.

तिसरा प्रकार पाणी मोजत नाही, लोखंड मोजतो. हेडच्या किंवा थर्मोस्टॅटच्या घराच्या एखाद्या लहान बोल्टखाली सेन्सरचा छल्ला आवळतात. धातू ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त तापला की अलार्म होतो. पाणी असो वा नसो, धातू तापल्याचं तो सांगतोच, हा त्याचा मोठा गुण. मात्र हेडचे मुख्य बोल्ट त्यासाठी कधीही सैल करू नयेत. त्यांचा ताण मोजून दिलेला असतो. रोजच्या जड कामात जो आकडा दिसतो, त्याच्या दहा-पंधरा अंश वर मर्यादा लावली म्हणजे विनाकारण आरडाओरड होत नाही.

पहिले दोन प्रकार संकट येण्याआधी सांगतात, तिसरा संकट दारात आल्यावर. ऐपत असेल तर पाण्याचा एक आणि धातूचा एक असे दोन्ही बसवावेत. एकच बसवायचा तर पाण्याचा बसवावा.

ज्यांच्याकडे हवेवर गार होणारं इंजिन आहे, त्यांना अर्थातच पाण्याच्या अलार्मचं काम नाही. १९५९ साली फरिदाबादला आयशरचा पहिला ट्रॅक्टर तयार झाला. पुढे आयशरचे हवेवर गार होणारे ट्रॅक्टर खेडोपाडी पोचले आणि त्यातले काही आजही वावरात दिसतात. त्यांना तिसऱ्या प्रकारचा सेन्सर लावावा आणि पंख्याच्या पट्ट्यावर लक्ष ठेवावं.

बसवताना ध्यानात ठेवायच्या गोष्टी

काम रेडिएटरवाला आणि ऑटो इलेक्ट्रिशियन या दोघांचं आहे. मालकाने शेजारी उभं राहून पुढील गोष्टी पाहून घ्याव्यात.

१) जागा. पुष्कळ ट्रॅक्टरांना बाजूला प्लास्टिकची बाटली असते. तिच्यात सेन्सर टाकून काम भागलं, असं समजू नये. ही बाटली दाबाबाहेरची असते. खाली होज फाटून रेडिएटर रिकामं झालं, तरी बाटली भरलेलीच राहू शकते. सेन्सर रेडिएटरच्या वरच्या टाकीत किंवा दाबाखालच्या टाकीतच हवा.

२) उंची. सेन्सर फार वर बसवला तर रोज उगाच वाजेल. फार खाली बसवला तर उशीर होईल. गार इंजिनात जिथवर पाणी असतं त्याच्या थोडं खाली, पण रेडिएटरच्या बारीक नळ्यांच्या वर, ही योग्य जागा.

३) भोक. पितळ-तांब्याच्या टाकीला रेडिएटरवाला आट्याचं बूच झाळून देतो. अॅल्युमिनियम-प्लास्टिकच्या रेडिएटरला झाळकाम चालत नाही, आणि दाबाखालच्या प्लास्टिकला घरी भोक पाडणं म्हणजे नवी गळती विकत घेणं. तिथे वरचा होज कापून मध्ये आट्याचा धातूचा तुकडा बसवावा, दोन्ही बाजूंना क्लिप आवळावी आणि सेन्सर त्यात घालावा. वरचा होज उंचावर असल्याने पाणी कमी झालं की आधी तोच रिकामा होतो.

४) वीज. ट्रॅक्टर-पिकअपला बहुधा १२ व्होल्ट, मोठ्या ट्रकला २४ व्होल्ट असतात. पेटी त्याप्रमाणे घ्यावी. वीज चावीनंतरच्या तारेवरून घ्यावी, म्हणजे गाडी उभी असताना बॅटरी उतरणार नाही. सुरुवातीलाच लहान फ्यूज घालावा. अर्थिंग रंग खरवडून, उघड्या धातूवर घट्ट करावं. तारा नळीत घालून सायलेन्सर आणि पंख्यापासून दूर न्याव्यात.

५) आवाज. ट्रॅक्टरवर बारीक बझर ऐकू येत नाही. म्हणून रिले लावून तो गाडीच्या हॉर्नला जोडावा. हॉर्नची वीज पेटीतून थेट नेऊ नये, पेटी जळेल.

६) दम. खाचखळग्यात पाणी हिंदकळतं. क्षणभर पाणी सळईपासून दूर गेलं की लगेच भोंगा वाजला, तर दोन दिवसांत ड्रायव्हर तार उपटून टाकील. म्हणून पाच-दहा सेकंद थांबून मगच वाजणारी पेटी घ्यावी.

७) तार तुटली तरी वाजलं पाहिजे. ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जोडणी अशी हवी की पाणी आणि तार दोन्ही ठीक असतील तरच अलार्म गप्प राहील. उंदराने तार कुरतडली, जोड सुटला, तर भोंगा झालाच पाहिजे. तार तुटल्यावर गप्प बसणारा अलार्म नसलेला बरा, कारण त्याच्या भरवशावर आपण निर्धास्त राहतो.

८) इंजिन आपोआप बंद करणारी जोडणी विहिरीवरच्या पंपाला चालेल, रस्त्यावरच्या गाडीला नाही. भरली ट्रॉली उतारावर असताना किंवा वळणावर इंजिन एकाएकी बंद पडणं धोक्याचं. तिथे अलार्मने फक्त सांगावं, थांबायचं कुठे ते ड्रायव्हरने ठरवावं.

नव्या गाड्यांच्या बाबतीत एक सूचना. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले, आणि त्यानंतरच्या या ट्रॅक्टरांत इलेक्ट्रॉनिक व्यवस्था पुष्कळ आली. अशा गाडीत कंपनीच्या तारांना हात लावण्याआधी पुस्तिका वाचावी आणि डीलरला विचारावं. पाण्याच्या पातळीची सूचना आधीच असेल तर दुहेरी खर्च करू नये.

थ्रेशरवरचा धोका

रस्त्यावर निदान ड्रायव्हर सीटवर असतो. सोयाबीन-तुरीच्या मळणीत तेही नसतं. ट्रॅक्टर एका जागी उभा, मागे पी.टी.ओ.वर थ्रेशर, आणि ड्रायव्हर कुठे झाडाखाली, कुठे पेंढ्या टाकायला. गाडी चालत नसल्यामुळे समोरून वारा लागत नाही. भुसा उडून रेडिएटरच्या जाळीवर बसतो आणि वाट बुजवतो. तासन्‌तास भार तोच. अशा वेळी काट्याकडे पाहणारं कोणी नसतं. हॉर्नला जोडलेला अलार्म असेल तर थ्रेशरच्या गोंगाटातही तो वावरभर ऐकू जातो. या एका कामासाठी जरी तो बसवला तरी पैसे वसूल आहेत.

दुसरा प्रकार समृद्धी महामार्गाचा. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता सुरू झाला. तो नांदगाव खंडेश्वर तालुक्यातूनच जातो. संत्रा-भाजीपाला घेऊन जाणारे आपले पिकअप आता तासन्‌तास एकाच वेगाने पळतात. पूर्वी दर पाच-दहा मैलांवर गाव यायचं, गाडी थांबायची, कोणी तरी खाली पाहून म्हणायचं, “भाऊ, पाणी गळून रायलं.” आता ते सांगणारं कोणी नाही.

भोंगा वाजला तर

घाबरू नये, पण ‘पुढच्या फाट्यापर्यंत जाऊ’ असंही म्हणू नये. त्या फाट्यातच इंजिन जातं. वेग कमी करून सुरक्षित जागी थांबावं. थ्रेशर चालू असेल तर आधी पी.टी.ओ. सोडावा. पाणी गेल्याचा अलार्म असेल तर इंजिन लगेच बंद करावं.

त्यानंतरचा अर्धा तास संयमाचा. गरम रेडिएटरचं ढक्कन कोणत्याही कारणाने उघडू नये. दाब सुटताच आतलं उकळतं पाणी कारंज्यासारखं अंगावर येतं. चेहरा, छाती आणि हात भाजण्याचे प्रकार असेच होतात, आणि पुष्कळदा ढक्कन उघडायला पाठवलेलं पोरगं हाताखालचं, नवशिकं असतं. मालकाने हे काम कधीही मुलाला सांगू नये. इंजिनाला हात लावता येईल इतकं ते गार झाल्यावर, जाड फडकं ठेवून, तोंड बाजूला करून, ढक्कन थोडंसं फिरवावं. दाब पूर्ण गेला की मग काढावं.

तापलेल्या कोरड्या इंजिनात गार पाणी ओतू नये. तव्यावर पाणी टाकल्यावर काय होतं ते सर्वांनी पाहिलं आहे. इथे तव्याऐवजी हेड असतं, आणि त्याला तडा जातो. इंजिन गार झाल्यावर हळूहळू पाणी भरावं, मग इंजिन सुरू करून धिम्या गतीवर उरलेलं भरावं. आणि भरण्याआधी गळती शोधावी. होज, क्लिप, वॉटर पंपाखालचं बारीक छिद्र, ड्रेन कॉक आणि जाळी ही पाच ठिकाणं पाहावीत. बाहेर कुठेच गळती नाही, तरी पाणी कमी होतं, रेडिएटरात बुडबुडे येतात किंवा ऑइल दुधाळ झालं आहे, तर हेड गॅसकेट गेल्याची ती खूण आहे. अशी गाडी पुढे चालवू नये.

पाणी कोणतं घालता?

अलार्म कितीही चांगला असला तरी रेडिएटर आतून चोंदलं असेल तर उपयोग नाही. पूर्णा खोऱ्यातला खारपाण पट्टा आपल्या शेजारीच आहे. अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांतली कित्येक गावं त्यात येतात आणि तिथलं विहिरीचं पाणी खारं असतं. पण खारपाणात नसलेल्या गावांतही बोअरचं पाणी जड असतं. चहाच्या भांड्यात पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत आणि लायनरच्या बाहेरून बसतो. हा थर उष्णता अडवतो. म्हणून बोअरचं पाणी टाळून डिस्टिल्ड पाणी आणि कंपनीने सांगितलेलं कूलंट पुस्तिकेतल्या प्रमाणात घालावं. कूलंट आणि पाणी निम्मे-निम्मे असेल तर दाब नसतानाही ते सुमारे १०७ अंशांपर्यंत उकळत नाही, आणि गंज रोखतं, हा दुहेरी फायदा. दोन निराळ्या जातींची कूलंटं एकत्र मिसळू नयेत.

हे कूलंट गोडसर लागतं आणि ते विषारी असतं. जुनं काढलेलं कूलंट अंगणात, गोठ्याजवळ किंवा नालीत सोडू नये. कुत्रं, वासरू, लहान लेकरू कोणीही त्याला तोंड लावू शकतं. ते बंद डब्यात भरून, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवावं आणि गॅरेजवाल्याकडे द्यावं.

हंगामाआधीच

आपल्या भागातला ट्रॅक्टर पुष्कळदा कर्जावर घेतलेला असतो. तो धावतो तेव्हाच हप्ता निघतो. इंजिन बसलं तर हेड, गॅसकेट, पिस्टन-लायनर आणि मजुरी हा एक खर्च. दुसरा खर्च कोणी बिलात लिहीत नाही: हंगामात गेलेले दिवस, तोडून पडलेला ऊस, दुसऱ्याला गेलेलं मळणीचं काम आणि चुकलेला हप्ता. त्यापुढे स्विच, पेटी, रिले आणि तारा यांचा खर्च एखाद्या नव्या टायरइतकाही नाही.

अलार्म बसवल्यावर त्याला विसरू नये. चावी फिरवताच दोन सेकंद वाजून जो ‘मी जागा आहे’ असं सांगतो, तो घ्यावा. आणि महिन्यातून एकदा, इंजिन गार असताना, ड्रेन कॉकमधून थोडं कूलंट स्वच्छ भांड्यात सोडून भोंगा वाजतो का ते पाहावं, मग तेच परत भरावं. बॉयलर अटेंडंट आपली नळी तपासतो, तसंच हे काम. ड्रायव्हर बदलला तर नव्या माणसाला भोंग्याचा अर्थ सांगून ठेवावा, नाहीतर हॉर्न बिघडला समजून तो तार काढून टाकील.

बैल गेला अन् झोपा केला, अशी आपल्याकडे म्हण आहे. गोठ्याचं दार बैल दावणीला असतानाच लावायचं असतं. तेव्हा ट्रॉली जोडण्याआधी, एखाद्या मोकळ्या दिवशी, ट्रॅक्टर मिस्त्रीकडे न्यावा, हा लेख त्याला दाखवावा आणि काम करून घ्यावं.